ऑटोइम्यून एन्सेफलायटिस पॅनल: तपासणी चांगली, पण नुसत्या रक्तावर करू नका

मोठ्या लॅबच्या यादीत ‘ऑटोइम्यून एन्सेफलायटिस पॅनल’ नावाची, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे मेंदूला येणारी सूज शोधणारी, एक महागडी तपासणी असते. हे तिचं परीक्षण. निवाडा आधीच सांगतो. योग्य रुग्ण निवडला आणि रक्त व पाठीतलं पाणी असे दोन्ही नमुने एकत्र पाठवले, तर इतका उपयोगी रिपोर्ट मनोविकार वॉर्डात क्वचितच हाती येतो. तीच तपासणी फक्त रक्तावर, कुठल्याही जुन्या मनोरुग्णावर, ‘एकदा करून बघू’ म्हणून केली तर पैसे जातात आणि वर चुकीचं निदान पदरात पडायचा धोका असतो. लॅबचं माहितीपत्रक हा फरक सांगत नाही. कलेक्शन सेंटरवर तर बहुतेक वेळा थेट विचारतात, ‘रक्त ना? उपाशीपोटी नसलं तरी चालेल.’ पाण्याचा विषयच निघत नाही.

ज्यांच्या घरातलं माणूस अचानक, काही दिवसांत ओळखू न येण्याइतकं बदललंय, त्या नातेवाइकांसाठी आणि अशा रुग्णाला पहिल्यांदा पाहणाऱ्या फिजिशियन व मानसोपचार विभागातल्या निवासी डॉक्टरांसाठी हे लिहिलं आहे.

पॅनल शोधतं काय

प्रतिकारशक्ती कधीकधी मेंदूतल्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांनाच परकं समजते आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. त्यातला मनोविकाराशी सर्वांत जास्त गल्लत होणारा प्रकार म्हणजे अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस (रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं, संदेश घेणारं प्रथिन). जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ही अँटिबॉडी कशाविरुद्ध आहे ते दाखवून दिलं. ती रिसेप्टरला चिकटते, शेजारच्या रिसेप्टरशी बांधते आणि पेशी ते आत ओढून घेते. पृष्ठभागावरचे रिसेप्टर कमी होत जातात. केटामाइन हे भुलीचं औषध याच रिसेप्टरला अडवतं आणि त्याने भास होतात, हे डॉक्टरांना ठाऊक असतंच. या आजारात तसंच काही आतूनच, दिवसरात्र चालू राहतं. पेशी मात्र लगेच मरत नाहीत. अँटिबॉडी हटली की रिसेप्टर परत येतात. सगळी घाई त्यासाठीच आहे, कारण वेळेत पकडलं तर हा माणूस पुन्हा कॉलेजला, कामाला जाऊ शकतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक २ वर्षांत चांगल्या स्थितीत पोहोचले होते. त्या अभ्यासातल्या रुग्णांचं मध्यक वय २१ वर्षं होतं आणि पाचातल्या चार रुग्ण स्त्रिया होत्या.

पॅनलमध्ये एनएमडीएशिवाय साधारणपणे एलजीआय-१, सीएएसपीआर-२, गाबा-बी आणि एएमपीएचे दोन उपप्रकार या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी शोधतात. भारतातल्या लॅबमध्ये यासाठी जर्मनीतल्या ल्युबेक इथल्या युरोइम्युन कंपनीचा किट मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. काचेच्या पट्टीवर छोटे चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी असतात आणि त्यांना एकेकच प्रथिन बनवायला लावलेलं असतं. त्यावर रुग्णाचा नमुना टाकतात, मग मानवी आयजीजीला (अँटिबॉडीचा मुख्य प्रकार) पकडणारं चकाकणारं रसायन. अँटिबॉडी असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली तो चौकोन हिरवा दिसतो. शेजारच्या चौकोनातल्या साध्या पेशी न चमकता राहायला हव्यात, तोच ताळा.

ही पद्धत चांगली आहे. जुन्या एलायझाच्या धर्तीवरच्या तपासण्यांपेक्षा कितीतरी खात्रीची, कारण प्रथिन पेशीच्या अंगावर त्याच्या नैसर्गिक घडीत बसलेलं असतं. पण दोन मर्यादा कायम लक्षात ठेवायच्या. एक, किटमधल्या पेशी रसायनाने पक्क्या केलेल्या असतात, त्यामुळे कमी प्रमाणातली काही अँटिबॉडी निसटू शकते. दुसरी, हिरवा किती हिरवा हे शेवटी माणूस डोळ्याने ठरवतो. ठसठशीत पॉझिटिव्ह कुणीही ओळखेल. अंधूक पॉझिटिव्हमध्ये दोन अनुभवी तज्ज्ञांतही मतभेद होतात.

कुणासाठी मागवावं

इथे हात राखून चालणार नाही आणि सैल सोडूनही नाही. आजाराचं रूप साधारण असं असतं: आधी काही दिवस ताप, डोकं दुखणं, अंग मोडून येणं. ते विसरलं जातं. मग झोप जाते. संशय, भीती, भास, अचानक बडबड, देवाधर्माच्या असंबद्ध गोष्टी, क्षणात रडणं, क्षणात मारायला धावणं. घरचे म्हणतात बाधा झाली, अंगात आलं, आणि काही दिवस देवऋषाकडे जातात. मग मनोविकार विभागात भरती होते. तिथे ‘अॅक्यूट सायकोसिस’ (अचानक सुरू झालेला भास-भ्रमांचा मनोविकार) लिहिलं जातं आणि गोळ्या सुरू होतात. इथवर चूक कुणाचीच म्हणता येत नाही. पुढच्या दोन आठवड्यांत जे दिसतं, ते कुणी जोडून पाहिलं नाही तर मात्र वेळ हातची जाते.

बोलणं हे सर्वांत विश्वासाचं चिन्ह. आधी भरभर, न थांबणारं, मग शब्द कमी कमी, मग समोरचा बोलेल तेच पुन्हा, मग मूक. साध्या सायकोसिसमध्ये भाषेचा असा ऱ्हास इतक्या झपाट्याने होत नाही. त्याच सुमारास ओठ चावणं, जीभ बाहेर काढणं, तोंड चघळल्यासारखं हलणं, हात विचित्र स्थितीत तसेच धरून ठेवणं सुरू होतं. एखादी फिट येते. नाडी कधी १४०, कधी एकदम मंद, रक्तदाब वरखाली, घाम, लाळ. अलीकडचं आठवत नाही, कालचा डॉक्टर ओळखू येत नाही.

अचानक, ३ महिन्यांच्या आत सुरू झालेल्या सायकोसिसबरोबर पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर ऑटोइम्यून कारणाचा शोध घ्यावा, असं २०२० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मांडलेल्या निकषांत आहे: गाठ असल्याचं निदान, कॅटाटोनिया (अंग एकाच स्थितीत थिजणं) किंवा हालचालींचा विकार, मनोविकाराच्या औषधाने अंग कडक होऊन ताप चढणं, भ्रमाच्या मानाने खूपच जास्त स्मृतिनाश, गुंगी, कारण न सापडणारी फिट, नाडी-रक्तदाबातले मोठे चढउतार. वॉर्डात हा कागद भिंतीवर चिकटवून ठेवण्याच्या लायकीचा आहे.

मनोविकाराच्या औषधाचा मुद्दा वेगळा सांगायलाच हवा. हॅलोपेरिडॉलच्या दोन-तीन इंजेक्शनांनंतर रुग्ण लाकडासारखा कडक झाला, ताप चढला, रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाल्याची खूण) वाढलं, तर ‘औषध जास्त झालं’ एवढ्यावर थांबू नका. या आजारात ही औषधं कमी सोसतात. शांत करण्यासाठी लोराझेपामकडे वळणं जास्त सुरक्षित असतं आणि कॅटाटोनियातही तेच पहिलं औषध आहे.

आता उलटी बाजू. १० वर्षांचा जुना स्किझोफ्रेनिया, महिनोन्महिने हळूहळू वाढलेलं नैराश्य, न्यूरॉलॉजीचं एकही चिन्ह नाही, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) आणि एमआरआय नॉर्मल: इथे पॅनल मागवू नका. फक्त मानसिक लक्षणं असलेले एनएमडीएचे रुग्ण असतात, पण थोडे. ५७१ रुग्णांच्या पाहणीत असे २३ सापडले, म्हणजे ४ टक्के, आणि त्यातले १८ तर आजार उलटला तेव्हाचे होते. पहिल्याच खेपेला निव्वळ मनोविकाराच्या रूपात आलेले फक्त ५. शक्यता इतकी कमी असते तेव्हा अंधूक पॉझिटिव्ह रिपोर्ट खरा असण्यापेक्षा खोटा असण्याची शक्यता जास्त.

नमुना: इथेच तपासणी जिंकते किंवा हरते

एनएमडीएसाठी पाठीतलं पाणी, म्हणजे सीएसएफ, हाच मुख्य नमुना. २०१४ साली २५० रुग्णांच्या जोडनमुन्यांवर झालेल्या अभ्यासात सीएसएफमध्ये सगळ्यांची अँटिबॉडी सापडली, रक्तात सुमारे ८६ टक्क्यांची. म्हणजे नुसतं रक्त पाठवलं तर सातातला एक रुग्ण ‘निगेटिव्ह’ होऊन परत मनोविकार वॉर्डात जातो. हा आकडा संशोधन केंद्रातला आहे, तिथे किटबरोबर मेंदूच्या ऊतीवरही पडताळणी होती. नेहमीच्या लॅबमध्ये रक्तावर याहून जास्त भरवसा ठेवायला जागा नाही.

मग रक्त कशाला? कारण एलजीआय-१ आणि सीएएसपीआर-२ या दोघांचं गणित उलटं आहे. त्यांची अँटिबॉडी रक्तात जास्त सापडते, सीएसएफमध्ये निसटू शकते. एलजीआय-१ चा रुग्ण बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेला पुरुष असतो: विसरभोळेपणा, चिडचिड, भास, रक्तातलं सोडियम कमी, आणि चेहरा व त्याच बाजूचा हात क्षणभर आवळणारे झटके, दिवसातून कित्येकदा. घरचे त्याला ‘हात उडतो’ म्हणतात. म्हातारपण किंवा डिमेन्शिया म्हणून हा रुग्ण बाजूला पडतो, खरं तर उपचाराला तो चांगला दाद देतो.

पाणी काढायला घरचे घाबरतात. ‘पाठीतलं पाणी काढलं की पांगळेपण येतं’ ही समजूत गावोगाव आहे, आणि तिच्यापायी तपासणी टळते, म्हणून थोडं सविस्तर. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून घालतात, रज्जूच्या खाली. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती एका वेळी १२५ ते १५० मिलिलिटर हे पाणी असतं आणि दिवसाला जवळपास ५०० मिलिलिटर नवं तयार होतं. काढलेलं १० मिलिलिटर तासाभरात भरून येतं. काहींचं डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त; बारीक, बोथट टोकाची सुई वापरली तर हे प्रमाण कमी होतं. प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील किंवा मेंदूत दाब वाढल्याची चिन्हं असतील, तर आधी ते निस्तरावं लागतं. खवळलेल्या रुग्णाला झोपेचं औषध देऊन, ऑक्सिजन आणि नाडीवर लक्ष ठेवून ही प्रक्रिया करतात. दोघांनी दाबून धरून करू नये. पाण्यात रक्त मिसळतं आणि रिपोर्टचा अर्थ लावणं अवघड होतं.

एकदाच सुई टोचायची आहे, तेव्हा पुरेसं पाणी घ्या. मोठ्या माणसात १० ते १२ मिलिलिटर. पेशींची मोजणी स्थानिक लॅबमध्येच, तासाभरात, कारण पेशी फुटत जातात. प्रथिन, साखर (त्याच वेळची रक्तातली साखर सोबत हवीच), नागिणीच्या जातभाई हर्पिस सिम्प्लेक्सचा पीसीआर, क्षयासाठी सीबीनॅट, गरजेप्रमाणे सिफिलिस आणि क्रिप्टोकॉकस. विदर्भातून आलेल्या रुग्णात, विशेषतः पावसाळ्यात, जपानी मेंदूज्वर आणि स्क्रब टायफस विसरू नका. ऑलिगोक्लोनल बँड (पाण्यातच अँटिबॉडी तयार होत असल्याची खूण) पाहायच्या असतील तर रक्त जोडीला लागतं. अँटिबॉडीसाठी १ ते २ मिलिलिटर साध्या निर्जंतुक बाटलीत, आणि आणखी १ मिलिलिटर उणे २० अंशांवर राखीव. हा राखीव नमुना फार कामाचा. पहिला रिपोर्ट संशयास्पद आला, तर पुन्हा सुई न टोचता दुसऱ्या लॅबला पाठवता येतो.

रक्ताचं ३ ते ५ मिलिलिटर साध्या किंवा जेलच्या नळीत, सिरम वेगळं करून. दोन्ही नमुने २ ते ८ अंशांवर, जेल पॅकसह. आयजीजी टिकाऊ असतं, प्रवासाच्या दोन-तीन दिवसांनी बिघडत नाही. बिघडतं ते वारंवार गोठवून वितळवल्याने, आणि सांडलेल्या, लेबल पुसलेल्या बाटल्यांनी. दोन्ही नळ्यांवर नाव एकाच स्पेलिंगमध्ये असावं. नाही तर लॅब दोन वेगळे रुग्ण धरते, आणि जोडनमुन्याचा सगळा फायदा जातो.

वेळही महत्त्वाची. प्लाझ्मा बदलण्याच्या उपचारानंतर घेतलेल्या रक्तात अँटिबॉडी धुतली गेलेली असते. आयव्हीआयजी दिल्यानंतर घेतलेल्या रक्तात उलट घडतं: हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून बनवलेल्या त्या औषधातल्या जीएडी, टीपीओसारख्या परक्या अँटिबॉडी रुग्णाच्या म्हणून दिसतात. म्हणून नमुना आधी, औषधाची बाटली नंतर. उपचार आधीच झाले असतील तर फॉर्मवर तारखेसह लिहा.

सेवा कशी मिळते

खासगी साखळी लॅबमध्ये रक्त आणि सीएसएफ यांचे पैसे वेगवेगळे घेतात. दोन्हींचं मिळून पाच आकडी बिल होतं, हे घरच्यांना आधी सांगावं. पैसे एकाच नमुन्यापुरते असतील आणि समोर तरुण मुलगी, मूक, तोंड हलवणारी असेल, तर सीएसएफवर फक्त एनएमडीए मागवा. बहुतेक मोठ्या लॅब सुटी एनएमडीए तपासणी देतात आणि ती पूर्ण पॅनलपेक्षा बरीच स्वस्त पडते. बेंगळुरूच्या निमहान्समध्येही या तपासण्या होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात भरती असाल, तर कोणता खर्च योजनेत बसतो ते भरतीच्या दिवशीच आरोग्यमित्राला विचारून घ्या.

लॅबला फोन करून तीन प्रश्न विचारावेत. तपासणी तुमच्याच मुख्य लॅबमध्ये होते की बाहेर पाठवता? आठवड्यातून कोणत्या वारी लावता? सीएसएफ न पातळ करता तपासता ना? काही ठिकाणी पट्टी आठवड्यातून एक-दोनदाच लावतात. शनिवारी दुपारी पाठवलेला नमुना दिवाळीच्या सुट्टीत अडकला, तर रिपोर्टला आठवडा सहज उलटतो. या प्रश्नांची उत्तरं न देणाऱ्या सेंटरला नमुना देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रिपोर्ट वाचताना

सीएसएफमध्ये एनएमडीए आयजीजी पॉझिटिव्ह आणि लक्षणं जुळणारी: निदान पक्कं, पुढची पायरी गाठ शोधणं. फक्त रक्तात ‘वीक पॉझिटिव्ह, १:१०’ आणि सीएसएफ पाठवलंच नाही: हे निदान नाही. कमी प्रमाणातली अँटिबॉडी निरोगी माणसांतही सापडते, आणि आयजीए किंवा आयजीएम प्रकारच्या एनएमडीए अँटिबॉडीला या आजारात अर्थ नाही. रक्तातल्या अंधूक सीएएसपीआर-२ बद्दलही हेच. ठळक सीएएसपीआर-२, सोबत अंगदुखी, स्नायू फुरफुरणं आणि आठवडेच्या आठवडे झोप नसणं असेल, तर मात्र गांभीर्याने घ्या. छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ शोधा. पारा असलेली भस्मं चालू आहेत का हेही विचारा. भारतातून आलेल्या अशा रुग्णांच्या वर्णनांत त्यांचा उल्लेख आहे. गाबा-बी पॉझिटिव्ह आला तर फुप्फुसाचा सीटी लगेच, कारण अशा निम्म्या रुग्णांत तिथे लहान पेशींचा कर्करोग सापडतो.

निगेटिव्ह म्हणजे आजार नाही, असंही नाही. पॅनलमध्ये जीएडी, जीएफएपी, डीपीपीएक्स, एमजीएलयूआर-५ यांसारख्या बऱ्याच अँटिबॉडी नसतात. हू, एमए-२ वगैरे कर्करोगाशी जोडलेल्या अँटिबॉडींची लाइन ब्लॉट तपासणी वेगळी असते. म्हणून पॅनलच्या शेजारी नेहमी दोन गोष्टी ठेवा: ईईजी आणि सीएसएफच्या पेशी. एनएमडीएच्या निम्म्याहून जास्त रुग्णांचा एमआरआय नॉर्मल असतो आणि ‘एमआरआय चांगला आहे, मानसिकच आहे’ हे वाक्य सर्वांत जास्त घात करतं. ईईजी मात्र बहुतेकांचा बिघडलेला असतो, मंद लाटांचा. मंद लाटेवर बारीक जलद लाटा स्वार झालेला ‘एक्स्ट्रीम डेल्टा ब्रश’ दिसला, तर रिपोर्ट येण्याआधीच निदानाकडे बोट जातं. तो सगळ्यांत दिसत नाही, म्हणून न दिसण्याला महत्त्व देऊ नका.

लॅबच्या ‘सोबत हेही करा’ यादीतल्या दोन तपासण्यांबद्दल सावध करतो. अँटी-टीपीओ ही थायरॉइडची अँटिबॉडी निरोगी माणसांत दहातल्या एकाला सहज असते. ती वाढलेली दिसली म्हणून मनोविकाराला ‘हाशिमोटो एन्सेफलोपॅथी’ म्हणणं आणि महिनोन्महिने स्टेरॉइड देणं हे नुकसानीचं काम आहे. आणि व्हीजीकेसी नावाची जुनी एकत्रित तपासणी: एलजीआय-१ व सीएएसपीआर-२ निगेटिव्ह असतील, तर तिच्या पॉझिटिव्ह असण्याला अर्थ उरत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अनेक-केंद्री पाहणीत ऑटोइम्यून एन्सेफलायटिस म्हणून तज्ज्ञ दवाखान्यांत आलेल्या ३९३ जणांपैकी १०७ जणांना तो आजार नव्हताच, आणि चुकीला कारण ठरलेल्या गोष्टींत टीपीओसारख्या निर्विशेष अँटिबॉडी ठळक होत्या. त्यातल्या बऱ्याच जणांना कार्यात्मक विकार (मेंदूच्या रचनेत बिघाड नसताना दिसणारी लक्षणं), डिमेन्शिया किंवा खरोखरचा मनोविकार होता. त्यांचे खरे उपचार तेवढा काळ लांबले.

ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती शरीरातल्या अनेक अवयवांवर उलटण्याचा आजार, या पॅनलच्या आवाक्यात नाही, हे अनेकांना माहीत नसतं. तरुण स्त्री, सायकोसिस, सोबत सांधेदुखी, केस गळणं, तोंडात फोड, लघवीत प्रथिन: इथे एएनए (इम्युनोफ्लुरोसन्सने), अँटी-डीएस-डीएनए, सी-३, सी-४ (रक्तातले पूरक घटक) आणि लघवीची तपासणी आधी. ल्युपसच्या ज्ञात रुग्णाला स्टेरॉइड चालू असताना भ्रम सुरू झाला, तर प्रश्न कठीण होतो: आजार की औषध? १९७२ सालच्या बोस्टनमधल्या पाहणीत प्रेडनिसोलोनसारखं औषध रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत मानसिक लक्षणं १.३ टक्के, ८० मिलिग्रॅमच्या वर १८.४ टक्के होती. डोस वाढवून आठवडा-दोन आठवडे झालेत आणि ल्युपसची इतर चिन्हं शांत आहेत, तर औषधाकडे संशय जातो. पूरक घटक घसरलेत, लघवी बिघडलीय, तर आजाराकडे. एनएमडीए पॅनल या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

रिपोर्टची वाट पाहू नका

हे वाक्य प्रत्येक लॅबच्या पावतीवर छापायला हवं. २०१६ साली ठरलेल्या निकषांनुसार अँटिबॉडीचा रिपोर्ट नसतानाही ‘संभाव्य एनएमडीए एन्सेफलायटिस’ ठरवता येतो: सहापैकी किमान चार लक्षणगट, सोबत बिघडलेला ईईजी किंवा सीएसएफमध्ये वाढलेल्या पेशी अथवा ऑलिगोक्लोनल बँड, आणि इतर कारणं बाजूला. हर्पिसचा पीसीआर येईपर्यंत असायक्लोविर चालू असावं, १० मिलिग्रॅम प्रतिकिलो दर ८ तासांनी. पहिल्या तीन दिवसांतला पीसीआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, तेव्हा संशय दाट असेल तर पुन्हा. क्षय आणि इतर संसर्ग समाधानकारकरीत्या बाजूला झाले की मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड १ ग्रॅम रोज, ५ दिवस. जोडीला आयव्हीआयजी ०.४ ग्रॅम प्रतिकिलो रोज, ५ दिवस, किंवा प्लाझ्मा बदल. ५० किलोच्या रुग्णाला आयव्हीआयजी दिवसाला २० ग्रॅम, एकूण १०० ग्रॅम लागतं. खर्चाचा डोंगर हा आहे, आणि त्याची जमवाजमव रिपोर्टआधी सुरू करावी लागते. दोन आठवड्यांत सुधारणा नाही तर प्रतिकारशक्तीच्या बी पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब, आणि त्याआधी हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी व अँटी-एचबीसी या दोन्ही तपासण्या. आपल्याकडे क्षयाची छाननी वगळून यातलं काहीही करू नये.

गाठीचा शोधही समांतर चालावा. त्या ५७७ जणांपैकी ३८ टक्क्यांत गाठ होती, जवळजवळ सगळ्या स्त्रिया, आणि गाठ बहुतेक अंडाशयातला टेराटोमा. त्यात केस, दात, मेदाबरोबर मज्जासंस्थेची ऊतीही असते, प्रतिकारशक्ती तिथेच भडकते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत २-३ सेंटिमीटरची गाठ निसटू शकते. ती नॉर्मल आली तर ओटीपोटाचा एमआरआय मागा. गाठ काढल्याशिवाय उपचार अर्धवट राहतात. अविवाहित मुलीचा अंडाशय जाईल या भीतीने घरचे थांबतात. त्यांना सांगावं की फक्त गाठ सोलून अंडाशय वाचवता येतो का, हे सर्जन आधी पाहतात.

पुन्हा पुन्हा पॅनल करण्याबद्दल शेवटचं. रुग्ण सुधारल्यावरही अँटिबॉडी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं राहू शकते. दर तीन महिन्यांनी रक्तातला आकडा पाहून औषध वाढवणं-कमी करणं याला आधार नाही, तेव्हा त्यावर पैसे घालू नका. सुमारे १२ टक्के रुग्णांत २ वर्षांच्या आत आजार उलटतो आणि तो बहुधा पहिल्यापेक्षा सौम्य, कधी निव्वळ मानसिक लक्षणांचा असतो. तेव्हा मात्र सीएसएफ पुन्हा, ओटीपोटाचा एमआरआय पुन्हा. घरी सुट्टी होताना डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी ठळक लिहून घ्या: सीएसएफ रिपोर्टची तारीख आणि निकाल, आयव्हीआयजी किंवा रिटुक्सिमॅब कधी दिलं, आणि हॅलोपेरिडॉलने काय झालं होतं. पुढच्या वेळी रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत भेटणारा डॉक्टर नवा असेल, आणि झोप उडून बडबड सुरू झालेल्या मुलीकडे पाहताना त्याच्या हातात तेवढंच असेल.